क्यू वाकते ती उन्हाने नाही, कूलरने

नागपूरच्याच एका पोराने विचारलं आहे: "दादा, प्रतापनगरात वर्षभरापासून खेळून राहिलो. आठवड्यात तीन-चार दिवस पूल, एक-दोन दिवस स्नूकर. पार्लरच्या स्टिकांना कंटाळलो, आता स्वतःची क्यू घ्यायची आहे. सात-आठ हजार जमवले. मित्र म्हणतात कार्बन फायबरचीच घे, लाकूड आपल्या इथल्या उन्हात वाकतं. खरं आहे का? दुसरं म्हणजे आमचे काका वरच्या मजल्यावर हॉल रिकामा आहे म्हणून टेबल टाकायचं म्हणतात. स्नूकरचं की पूलचं?"

आधी उन्हाचं. मी सव्वीस वर्षं खेळतोय, त्यातली सतरा-अठरा वर्षं टिपा (क्यूच्या टोकाचं चामडं) बदलणं, फेरूल (टिपखालचं कडं) बसवणं, टेबलाला कापड चढवणं यावरच घर चालतं. वाकलेल्या क्यू माझ्याकडे येतात त्यांचा हंगाम ठरलेला आहे, जूनचा शेवटचा आठवडा ते जुलै. भर मे महिन्यात, पारा 45 ला असताना, फार थोड्या येतात. उन्हानेच वाकल्या असत्या तर तेव्हा रांग लागायला हवी होती.

माझी पहिली क्यू मी बारावीनंतरच्या सुट्टीत घेतली. अ‍ॅशची, म्हणजे त्या नावाच्या लाकडाची, अखंड, मधे जोड नसलेली. घरी येणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा काढून दाखवायचो. खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर होता, खसच्या ताट्यांचा. त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात मी ती भिंतीला टेकवून ठेवायचो, कारण घरात सगळ्यात गार जागा तीच. उन्हात ठेवायची नाही एवढी अक्कल होती ना! मृगाचे दोन पाऊस झाले आणि एक दिवस क्यू डोळ्याला लावून पाहिली, तर टोकाकडचा हातभर भाग डावीकडे निघालेला. टेबलावर गरगरवली तर टोक नाचत होतं. आई म्हणाली, "दांडीवर कपडे टाकायला बरी आहे." दोन वर्षं खरंच त्याच कामाला होती.

झालं काय होतं? लाकूड उष्णतेने फारसं हलत नाही, ओलाव्याने हलतं. मेमध्ये दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की लाकूड आपल्यातला ओलावा सोडून देतं आणि आडव्या अंगाने आक्रसतं. हे चहूबाजूंनी सारखं झालं तर क्यू सरळच राहते, फक्त केसभर बारीक होते. पण कूलरसमोर ठेवलेल्या क्यूला एका अंगाने ओली हवा लागते आणि दुसरं अंग कोरडंच राहतं. ओलं अंग फुगतं, कोरडं फुगत नाही, आणि मग क्यूने वाकायचं नाही तर काय करायचं? त्यात ती भिंतीला टेकवलेली, म्हणजे तिचंच वजन तिला आणखी वाकवायला बसलेलं. मग पंधरा दिवसांत पावसाळी हवा येते आणि उरलेलं काम होऊन जातं.

हे तुला तुझ्या बोटाला कळेल. कुठलीही अ‍ॅशची क्यू मेमध्ये हातात घे आणि लाकडावरून टिपखालच्या पितळी फेरूलकडे नख फिरव. पितळेची कड नखाला अडते. तीच क्यू ऑगस्टमध्ये घे, आता लाकूड पितळेच्या किंचित वर आलेलं असतं. पितळ आहे तिथेच आहे, लाकूड खालीवर होतंय. पोरं इथे चूक करतात. ऑगस्टमध्ये लाकूड टोचतं म्हणून पॉलिश पेपर घेऊन घासून टाकतात, मग मेमध्ये पितळ आणखी बाहेर. पुन्हा घासा. तीन-चार वर्षांत दहा मिलिमीटरची क्यू नऊची होऊन माझ्याकडे येते आणि मालक विचारतो, "भाऊ, हिचा मार आधीसारखा काहून नाही?"

तर ठेवायची कशी? केसमध्ये (क्यूच्या पेटीत), आडवी, कूलर नसलेल्या खोलीत. स्लॅबखालच्या माळ्यावर नाही, गाडीच्या डिकीत नाही, कूलरच्या वाऱ्यात तर अजिबात नाही. पार्लरमध्ये लॉकर घेत असशील तर आधी त्या भिंतीच्या पलीकडे कूलर लावला आहे का ते बघ. एवढं सांभाळलं तर चांगलं वाळवलेलं लाकूड नागपुरात आरामात टिकतं. माझी आत्ताची क्यू चौदा उन्हाळे पाहून अजून सरळ आहे.

आता कोणती घ्यायची. तू पूल जास्त खेळतोस, तरी माझा सल्ला स्नूकरची क्यू आधी घे. पूलवाले माझ्यावर चिडतील, चिडू देत. कारण सांगतो.

पूलचा बॉल 57.15 मिलिमीटरचा, स्नूकरचा 52.5 चा आणि वजनालाही हलका. पूलच्या क्यूची टिप साधारण साडेबारा-तेरा मिलिमीटर, स्नूकरची साडेनऊच्या आसपास. तेरा मिलिमीटरच्या टिपने स्नूकरचा बॉल मारलास तर मधोमध लागला की किंचित बाजूला, हे तुला कळणारच नाही, आणि बारा फुटांच्या टेबलावर तेवढा फरक म्हणजे बॉल पॉकेटच्या जबड्यात अडकलाच समज. उलट साडेनऊच्या टिपने पूल खेळता येतं. सरळ मारायची सक्ती होते एवढंच, आणि ती सक्ती पहिल्या दोन-तीन वर्षांत चांगलीच.

एक अट मात्र पाळ. पूलचा ब्रेक, म्हणजे डाव उघडणारा पहिला फटका, स्वतःच्या स्नूकर क्यूने कधीही मारायचा नाही. तिथे पार्लरची स्टिक उचल. पंधरा बॉलच्या गच्च त्रिकोणावर पूर्ण ताकदीने मारलं की तो धक्का बारीक टोकातून फेरूलला बसतो. टिप चपटी होते, फेरूल ढिला होतो, आणि नशीब फुटकं असेल तर फेरूलखाली अ‍ॅश उभी तडकते. पूलच्या क्यू मेपलच्या, जाड टोकाच्या, फायबरच्या फेरूलच्या असतात त्या उगाच नाही. तू पुढे फक्त नाइन बॉलच खेळणार हे नक्की असेल तर गोष्ट वेगळी, मग सरळ मेपलची, 19 औंसच्या आसपासची पूल क्यू घे आणि हा परिच्छेद विसरून जा.

स्नूकरच्या क्यूत लांबी 57 किंवा 58 इंच, वजन साडेसतरा ते साडेअठरा औंस. नियमात फक्त तीन फुटांपेक्षा कमी नको एवढंच आहे, बाकी हाताला बसेल ते. जोड कुठे हवा यावर पार्लरमध्ये तासन्‌तास वाद होतात. मधोमध जोड असलेली क्यू छोट्या केसमध्ये मावते, मोपेडवर सोयीची. तीनचतुर्थांश जोडाची असेल तर पुढचं सगळं लाकूड एकसंध राहतं आणि जोड मागच्या हाताजवळ येतो, त्यामुळे मार हाताला स्वच्छ कळतो. मी दुसरीच सांगेन. केस पाठीला तिरकी अडकवायची, सिग्नलवर मागच्याच्या आरशाला लागते, तो दोन शब्द बोलतो, ऐकून घ्यायचे.

दुकानात गेलास की दुकानदार क्यू टेबलावर गरगरवून दाखवेल. बघ, पण त्यावर विश्वास ठेवू नको. टेबलच सपाट नसेल तर सरळ क्यूही नाचते, आणि जोडाजवळचा बारीक बाक गरगरवून दिसत नाही. बूड डोळ्याजवळ धर, टोक उजेडाकडे, आणि सावकाश फिरवत पूर्ण एक फेरा घे. दंडगोल आपला आपल्या जागी फिरताना दिसला पाहिजे. मग अ‍ॅशच्या रेषा बघ. टोकापासून मागे जाताना लाकडावर बाणाच्या टोकासारख्या खुणा असतात, त्या एकामागे एक सरळ ओळीत हव्यात. चार-पाच बाण मला पुरतात. रेषा मधेच एका बाजूला पळून जात असतील तर ती क्यू कितीही चमकत असली तरी ठेवून दे, कारण आपल्या हवेत ती त्याच बाजूला वाकणार. शेवटी बूड तळहातावर हलकेच आपट. एकच ठोक आवाज आला पाहिजे. बारीक झिणझिण ऐकू आली तर जोड नाहीतर फेरूल ढिला आहे.

बुडाला काळा आबनूस आहे की काळा रंग दिलेलं साधं लाकूड, हे तुझ्या बजेटमध्ये जास्त करून दुसरंच असणार, आणि त्याने काही बिघडत नाही. सगळे आठ हजार क्यूवर घालवू नको. पाचच्या आतबाहेर क्यू, उरलेल्यात कडक केस, चार टिपा, एक सुती टॉवेल.

कार्बनबद्दल: ती वाकत नाही हे खरं. पुढचं टोक हलकं असल्यामुळे साइड मारताना (बॉलला बाजूने मारून फिरकी देताना) बॉल सरळ रेषेपासून कमी ढळतो, हेही खरं, म्हणून पूलचे खेळाडू तिच्या प्रेमात पडतात. पण चांगला कार्बन शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) एकटाच तुझ्या सगळ्या बजेटच्या कितीतरी पुढे जातो, आणि सात हजारांत 'कार्बन' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा फायबरग्लासवर काळा मुलामा असतो. मी असे दोन उघडून पाहिले आहेत. दुसरं, शाफ्टच्या स्क्रूचे आटे प्रत्येक कंपनीचे वेगळे, आत्ता घेतलेला शाफ्ट उद्या दुसऱ्या बुडाला बसेलच असं नाही. वाकण्याची भीती हे कार्बन घेण्याचं कारण असेल तर त्यापेक्षा कूलरपासून चार फूट लांब उभं राहणं स्वस्त.

टिपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण क्यूपेक्षा टिप जास्त खेळते आणि लोक तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. नव्या क्यूला कारखान्यातून आलेली टिप मी बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी काढून टाकतो. एल्कमास्टरसारखी साधी, निळसर चामड्याची टिप घे, डबीतल्या पाच-सहा चाचपून त्यातली टणक निवड. एकाच डबीतल्या दोन टिपांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पानवाल्याकडे पान निवडतोस तसं निवड.

जुनी टिप ब्लेडने कापून काढली की फेरूलवर वाळलेल्या गोंदाचा थर राहतो. तो गेला नाही तर नवी टिप आठवड्यात उडते, तीही नेमकी काळ्या बॉलवर. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवायचा आणि क्यू उभी धरून फेरूलचं तोंड त्यावर हलकेच फिरवायचं. पितळ एकसारखं चमकलं की थांब. टिपचं बूडही त्याच पेपरवर दोन-चार वेळा घासायचं. मग गोंद. पातळ फेविक्विक चामड्यात झिरपून टिपचं बूड दगड करून टाकतं, म्हणून जेलवालं वापर, खसखशीच्या दाण्याएवढं. आता नागपुरी गंमत: हा गोंद हवेतल्या ओलाव्याने धरतो. ऑगस्टमध्ये टिप टेकवायच्या आत धरायला लागतो, आणि मेमध्ये दोन मिनिटं दाबून बसलं तरी टिप सरकते. म्हणून उन्हाळ्यात मी टिपच्या बुडावर तोंडाने एकदा 'हा' करून वाफ सोडतो आणि मग बसवतो. लगेच पकडते. शेजारी बसलेल्यांना वाटतं मी मंत्र म्हणतोय.

नंतर क्यू उलटी करून टिप काचेवर दाबून ठेवायची आणि बाहेर आलेली कड ब्लेडने फेरूलच्या रेषेत कापायची. ब्लेड पितळेकडून टिपकडे नाही, टिपकडून पितळेकडेही नाही, आडवं धरून क्यू फिरवायची. वरचा आकार रुपयाच्या नाण्याच्या गोलाईएवढा दे. नाणं टिपच्या मागे धरून दोन्हींची गोलाई उजेडात जुळवली की कळतं कुठे फरक राहिला. सपाट टिपने साइड मारायला गेलास की क्यू घसरलीच.

लाकडाला तेल हवं, लॅकर नको. दुकानातून आलेला चकचकीत मुलामा आपल्याकडच्या घामाच्या हाताला चिकटतो, मग पोरं टाल्कम पावडर लावतात आणि ती पावडर कापडावर सांडते. ज्या पार्लरमध्ये पावडरचा डबा टेबलाच्या कडेवर ठेवलेला दिसेल तिथलं कापड कसं असेल ते न खेळताच सांगता येतं. त्यापेक्षा पुढच्या भागावरचा मुलामा बारीक पेपरने उतरवून वर्षातून दोनदा जवसाचं तेल लाव. विदर्भात जवस काही नवीन नाही, चटणी सगळ्यांच्या घरी असते, पण तेल कच्चं, न मिसळलेलं घे. कापडावर दोन थेंब, क्यू चोळायची, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून काढायची, रात्रभर तशीच आडवी ठेवायची. दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आत एकदा, असा माझा नेम आहे. वापरलेलं तेलाचं कापड मात्र बोळा करून कोपऱ्यात फेकू नको. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या कापडात ती कोंडली की ते आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळव, मग टाक.

आता खेळायचं कुठे. पार्लरचं नाव मी सुचवणार नाही, माझी सगळ्यांशी देवाणघेवाण आहे. पण टेबल कसं ओळखायचं ते सांगतो. पहिलं, वर बघ, हवेची सोय काय आहे. एसी असेल तर कापड कोरडं, बॉल पळतो. कूलर असेल तर एप्रिल-मेमध्ये ते टेबल तुला पावसाळ्यासारखं जड लागेल, कारण लोकरीचं कापड ओलावा पिऊन बसतं. कूलरच्या बाजूचा अर्धा भाग आणि पलीकडचा अर्धा भाग यांचा वेगसुद्धा वेगळा असतो, आणि तिथली जुनी पोरं हे पाठ करून नवख्याकडून फ्रेमा (डाव) काढतात. मी त्या पोरांतलाच होतो, म्हणून सांगतोय. डिसेंबरच्या सकाळी दुखणं वेगळं, कुशनचं (टेबलाच्या आतल्या कडेचं) रबर गारठलेलं असतं, बॉल कमी उसळतो. मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली हीटर लावतात त्यामागे हेच, कापड कोरडं आणि रबर जिवंत राहावं.

दुसरं, स्नूकरच्या कापडाला लव असते, मांजरीच्या पाठीसारखी, बॉकपासून (जिथून खेळ सुरू होतो त्या टोकापासून) काळ्या बॉलच्या दिशेने झोपलेली. मालक रोज ब्रश त्याच दिशेने मारतो का, इस्त्री करतो का, ते सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी जाऊन बघ. बॉकच्या रेषेवरून एक बॉल अगदी सावकाश, जेमतेम पलीकडे पोहोचेल एवढाच सोड. शेवटच्या दोन फुटांत तो कुठे वळतो ते बघ. वळला तर लेव्हल गेली. मग तोच बॉल लवेच्या उलट, काळ्याकडून मधल्या पॉकेटकडे हळू सोड, थोडा ओढला जाईलच, ते टेबलाचं दुखणं नाही, लवेचा स्वभाव आहे. पूलच्या चांगल्या कापडाला अशी लव नसते, त्याला ब्रश बेताने आणि इस्त्री अजिबात नको, हे कित्येक पार्लरवाल्यांनाच माहीत नसतं.

तिसरं, बॉल. स्नूकरच्या एका संचातल्या बॉलांच्या वजनात तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही असा नियम आहे. पार्लरमध्ये पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा, बॉल हरवला किंवा फुटला की दुसऱ्या संचातला आणून ठेवतात. पांढरा हलका असेल तर स्क्रू (धडकल्यावर पांढरा मागे आणणं) अगदी सहज बसतो, तुला वाटतं आपला हात बसला, आणि दुसऱ्या पार्लरमध्ये गेल्यावर कळतं की हात नाही, बॉल होता. वजन करून बघ. सोनाराकडचा काटा नको, किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो.

आपल्याकडच्या खेळाबद्दल एक गोष्ट मला नेहमी बोचते. स्नूकर 1875 मध्ये जबलपूरला जन्मलं, ब्रिटिश फौजेच्या मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत बॉल मांडून. उटीच्या क्लबात पुढे त्याचे नियम ठरले. जबलपूर तेव्हा सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये होतं आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर! ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे, पार्लरमध्ये कुणी पैज लावली तर लक्षात ठेव. एवढ्या जवळ जन्मलेला खेळ, आणि आपल्याकडे अजून घरचे विचारतात, "ते पूल पार्लर? तिथे कसली पोरं येतात?" पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय तो, क्यू हातात असलेला. माझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते कपडे वाळवत नव्हते."

सिव्हिल लाइन्सच्या जुन्या क्लबांचं जग वेगळं. सभासदत्व लागतं, बूट लागतात, आणि मार्कर असतो. मी जे शिकलो त्यातलं अर्धं एका क्लबच्या म्हाताऱ्या मार्करकडून. गुण मांडणं, बॉल पुसून जागेवर ठेवणं एवढंच त्याचं काम, पण कुणाचा कोपर कधी बाहेर जातो ते त्याला पाठ. आपल्या पार्लरमध्ये तो माणूस नाहीसा झाला आणि त्याच्या जागी मोबाइलवर वेळ लावणारं पोरगं आलं. तिथे चार-सहा जण मिळून सेंच्युरी लावतात, शंभर गाठेल तो बाहेर, शेवटी उरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे. मजा येते, पण सहाजणांत तुझी पाळी पाच-सात मिनिटांनी येते आणि हात थंड होतो. शिकायचं असेल तर दुपारी बारा ते तीन जा, टेबलं रिकामी असतात, आणि एकट्याने खेळ. सहा लाल बॉल काळ्याभोवती मांड, लाल-काळा, लाल-काळा, पांढरा कुशनला न लावता. आठवडाभर एवढंच.

स्पर्धांचं म्हणशील तर राज्य संघटनेच्या बहुतेक स्पर्धा मुंबई-पुण्याकडे होतात. इथून रात्रीची गाडी, सकाळी उतरून दुपारी मॅच. पहिल्या फेरीत हरलास तर संध्याकाळच्या गाडीने परत. मी असे सहा-सात दौरे केले आणि एकदाच दुसऱ्या दिवसाचं जेवण तिथे जेवलो. मुंबईच्या समुद्राकाठच्या हवेत आपली वाळलेली क्यू दोन दिवसांत फुगते, जोड आवळ लागतो. जोर करून फिरवू नको, आदल्या दिवशी पोहोचून केस उघडी ठेव.

आता काकांचं टेबल. पूर्ण मापाच्या स्नूकर टेबलाची खेळायची जागा साधारण 11 फूट 8 इंच बाय 5 फूट 10 इंच. त्याच्या चारही बाजूंना 58 इंची क्यू मागे ओढता आली पाहिजे, म्हणजे खोली किमान 22 बाय 16 फूट, आत एकही पिलर नको. पूलच्या नऊ फुटी टेबलाला 18 बाय 14 च्या खाली जाऊ नका. भिंतीपाशी आखूड क्यू वापरू म्हणतात ते लोक वर्षभरात टेबलावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागतात.

मापाहून मोठा प्रश्न वजनाचा. बारा फुटी टेबलात पाच स्लेटा, म्हणजे कापडाखालच्या दगडाच्या लाद्या, पावणेदोन इंच जाडीच्या, एकेक दीडशे किलोच्या वर. सगळं मिळून सव्वा ते दीड टन, आणि ते पायांच्या आठ ठिपक्यांवर उभं. वरच्या मजल्याचा स्लॅब घराच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. विकणारा म्हणेल काही होत नाही. त्याचं घर खाली नाही ना!

वरच्या मजल्याचा आणखी एक घोळ मी स्वतः केलेला आहे. स्लेटांच्या सांध्यात मी तेव्हा मधमाशीचं मेण भरायचो, जुनी आणि चांगली पद्धत. एका घरी गच्चीखालच्या खोलीत मार्चमध्ये पूल टेबल लावून दिलं, सांधा बोटालाही लागत नव्हता. मेच्या अखेरीस फोन आला, बॉल मधल्या पॉकेटपाशी उडी मारतो. बंद खोली, वर तापलेला स्लॅब, आत मेण नरम पडून खाली बसलेलं. पूर्ण कापड काढून पुन्हा भरावं लागलं, माझ्या खर्चाने. तेव्हापासून गच्चीखाली मी मेण वापरत नाही, गाडीच्या पत्र्याला लावतात तो पुट्टीसारखा फिलर वापरतो.

आणि काकांनी त्या खोलीत कूलर लावायचा ठरवला असेल तर स्नूकरचं नावच काढू नका. लवेचं लोकरी कापड आणि कूलर यांचं जमत नाही. एसी बसवणार नसाल तर पूलचं नऊ फुटी, बिनलवेच्या कापडाचं टेबल घ्या, ते ओल जरा जास्त सोसतं. खाली दगड कोणता ते विचारा. 'इंडियन मार्बल' आणि स्लेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किमतीतही आणि सपाटीतही. एमडीएफचं (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीचं) असेल तर पहिल्या पावसाळ्यात त्याला पोट सुटतं. वापरलेलं पण अस्सल स्लेटचं टेबल मिळालं तर नव्या मार्बलपेक्षा मी ते घेईन. कापड आणि रबर बदलता येतं, दगड बदलता येत नाही.

काकांना विचारून तीन मापं कळव: हॉलची लांबी-रुंदी, पिलर कुठे आहेत, आणि जिन्याच्या वळणाची रुंदी. बारा फुटीची एक स्लेट सहा फुटांहून लांब असते, ती चौघांनी उचलून वळणावर उभी करावी लागते. गेल्या वर्षी एका घरी ती वळणावरच अडली आणि शेवटी खिडकीचं ग्रिल कापून क्रेनने वर घेतली.